गो खेळायला शिकायचंय? मग आधी खड्यांचे श्वास मोजायला शिका

कुणालाही गो हा पटावरचा खेळ शिकवायला बसलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात राजा कुठला आणि कोण कसा चालतो?" यात राजा नाही, वजीर नाही, एकदा ठेवलेला खडा जागचा हलत पण नाही. सगळे काळे खडे सारखे, सगळे पांढरे खडे सारखे. दोघांनी आळीपाळीने एकेक खडा ठेवायचा आणि शेवटी ज्याने जास्त मुलूख, म्हणजे पटावरच्या रिकाम्या जागा, वेढला तो जिंकला. नियम अर्ध्या तासात कळतात, तरी बरेच जण दोन-तीन डाव खेळून सोडून देतात, कारण नियम कळले तरी करायचं काय ते कळत नाही. म्हणून हा लेख मी थोडा वेगळ्या क्रमाने लिहितोय. आधी एकच सवय पक्की करायची आणि बाकी सगळं त्या सवयीतून काढायचं.

ती सवय म्हणजे श्वास मोजणं. इंग्रजीत याला लिबर्टी म्हणतात पण चिनी भाषेत यासाठी 'ची' हा शब्द आहे, म्हणजेच श्वास, आणि मला तोच जास्त पटतो कारण खड्याचा श्वास संपला की खडा मेला, इतकं ते सरळ आहे.

पट आणि खडे

मोठा पट १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघांचा असतो, एकूण ३६१ जागा. काळे खडे १८१, पांढरे १८०, काळ्याची चाल पहिली. चीनमध्ये या खेळाला वेईची म्हणतात म्हणजे वेढण्याचा खेळ, कोरियात बादुक, आणि जपानमधून जगभर गेला म्हणून बाकी सगळीकडे गो हे नाव चिकटलं. अडीच हजार वर्षांहून जुना खेळ आहे आणि आजही साधारण त्याच नियमांनी खेळतात.

पण तुम्ही १९ चा पट आत्ता घेऊच नका, हे कळकळीने सांगतोय. कागदावर ९ आडव्या ९ उभ्या रेघा मारा, दोन रेघांत साधारण दोन सेंटीमीटर ठेवा, आणि दोन रंगांची बटणं घ्या, प्रत्येकी चाळीसेक पुरतात कारण एकूण जागाच ८१. नऊच्या पटावर डाव पंधरा-वीस मिनिटात संपतो, चूक कुठे झाली ते आठवतं आणि लगेच दुसरा डाव मांडता येतो. मोठ्या पटावर नवा माणूस दीड तास खेळतो आणि शेवटी कोण जिंकलं हेच दोघांना सांगता येत नाही.

खडा चौकोनात ठेवायचा नाही, रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या पॉइंटवर ठेवायचा. अगदी कडेच्या रेघेवर आणि कोपऱ्याच्या टोकावरही ठेवता येतो. बुद्धिबळाची सवय असलेले लोक पहिल्या डावात हमखास चौकोनात ठेवतात.

श्वास म्हणजे काय

खड्याला रेघेवरून चिकटलेल्या रिकाम्या जागा म्हणजे त्याचे श्वास. मध्यावरच्या एकट्या खड्याला चार, कडेला तीन, कोपऱ्याच्या टोकावर फक्त दोन. तिरक्या जागा धरायच्या नाहीत कारण तिरकी रेघच नाही. एकाच रंगाचे दोन खडे रेघेवर शेजारी आले की ते एक गट होतात आणि त्यांचे श्वास एकत्र मोजायचे. दोन खड्यांच्या गटाला मोकळ्यात सहा श्वास, सरळ रेघेत तीन खडे असतील तर आठ. तेच तीन खडे काटकोनात ठेवले तर सातच, कारण कोपऱ्यातली एक जागा दोघांत वाटली जाते. म्हणूनच त्या रिकाम्या त्रिकोणाच्या आकाराला वाईट आकार म्हणतात, तीन खडे घालून एक श्वास कमी मिळतो. असले आकाराचे नियम पुढे बरेच कानावर पडतील, पण पाठ करत बसू नका, श्वास मोजा, कारण आपोआप दिसतं.

गटाचे सगळे श्वास शत्रूच्या खड्यांनी भरले की अख्खा गट पटावरून उचलायचा. एकच श्वास उरला असेल तर त्याला अतारी म्हणतात, म्हणजे पुढच्या चालीत मारतोय. स्वतःचा शेवटचा श्वास स्वतः बंद करणारी चाल चालत नाही, फक्त त्या चालीने समोरचे खडे मरत असतील तर चालते, कारण ते उचलल्यावर तुम्हाला श्वास मिळतो.

आणि एक नियम 'को' चा. कधीकधी असं होतं की मी तुमचा एक खडा मारला, आणि तुम्ही लगेच माझा तोच खडा मारू शकता, मग परत मी, परत तुम्ही, हे संपणारच नाही. म्हणून लगेच उलट मारायला बंदी. आधी दुसरीकडे एक चाल खेळायची आणि मग परत यायचं. साहजिकच ती दुसरीकडची चाल अशी खेळायची की समोरच्याला उत्तर देणं भाग पडेल, नाहीतर तो को तिथेच मिटवून टाकेल. को ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याच अक्षराने बौद्ध ग्रंथांत आपला 'कल्प' शब्द लिहितात, तोच ब्रह्मदेवाचा अनंत काळवाला कल्प. नियम नसता तर डाव खरंच कल्पभर चालला असता.

बास, नियम संपले. मोजणीचं शेवटी सांगतो.

पटावर मांडून बघा: शिडी

हे नुसतं वाचू नका, खडे घेऊन बसा. जागा सांगताना पहिला आकडा डावीकडून आणि दुसरा खालून मोजायचा.

पांढरा एक खडा ४-४ वर ठेवा. काळे तीन, ३-४, ४-३ आणि ५-३ वर. पांढऱ्याला आता दोनच श्वास आहेत, ५-४ आणि ४-५. काळ्याची चाल आहे, कुठून दाबाल? बरेच जण ५-४ वर ठेवतात कारण तिथे आपला खडा जवळ आहे. मग पांढरा ४-५ वर सरकतो, श्वास मोजा, ३-५, ५-५, ४-६, तीन झाले, पळाला. आता मागे घ्या आणि ४-५ वरून दाबा. पांढऱ्याला ५-४ शिवाय वाट नाही आणि तिथे गेल्यावर त्याला दोनच श्वास मिळतात, कारण ५-३ वर तुमचा खडा आधीच बसलाय.

आता पुढे काळा ६-४, पांढरा ५-५. काळा ५-६, पांढरा ६-५. काळा ७-५, पांढरा ६-६. काळा ६-७, पांढरा ७-६. काळा ८-६, पांढरा ७-७. काळा ७-८, पांढरा ८-७. काळा ९-७, पांढरा ८-८. काळा ८-९, पांढरा ९-८. आणि आता पांढऱ्याच्या दहा खड्यांच्या अख्ख्या रांगेला फक्त ९-९ हा एक श्वास उरलाय. काळा तिथे ठेवतो आणि दहाच्या दहा उचलतो.

हीच शिडी. प्रत्येक पायरीला पांढऱ्याला वाटतं सुटलो, आणि प्रत्येक पायरीला त्याचे श्वास परत दोनाचा एक होतात. यातून दोन गोष्टी घ्या. एक, शिडीत सापडलेला खडा पळवत बसू नका, एक खडा गेला असता तिथे दहा घालवाल. दोन, हीच शिडी परत मांडा पण आधीच ७-७ वर एक पांढरा खडा ठेवून बघा. पळणारा पांढरा त्याला जाऊन मिळतो, त्याचे श्वास वाढतात, आणि काळ्याने लावलेले दोन्हीकडचे खडे सुटे सुटे लोंबकळत राहतात. म्हणून शिडी लावण्याआधी नजर तिरकी शेवटपर्यंत फिरवायची, वाटेत कुणाचा खडा आहे ते बघायचं, मगच हात लावायचा.

काळ्याचा आणखी एक खडा ३-५ वर असता तर शिडीची गरजच नव्हती. पांढऱ्याला चिकटून दाबायच्या ऐवजी तिरकं, ५-५ वर, लांबून ठेवा. पांढरा ४-५ ला गेला तर तुम्ही ४-६, तो ५-४ ला गेला तर तुम्ही ६-४, कुठूनही बाहेर पडत नाही. हे जाळं. नव्या खेळाडूला चिकटून मारायचीच सवय असते, लांबून पकडता येतं हे हाताला कळायला वेळ लागतो, पण एकदा कळलं की खेळ बदलतो.

दोन डोळे

आता खरा गाभा. गटाला चारही बाजूंनी वेढलं, बाहेरचे श्वास संपले, तरी तो जगू शकतो का? जगू शकतो, आत दोन वेगळे श्वास असतील तर. असल्या आतल्या श्वासाला डोळा म्हणतात. शत्रूला एका वेळी एकच खडा ठेवता येतो, आणि कुठल्याही एका डोळ्यात ठेवला तर दुसरा श्वास उरतो, म्हणजे त्याची चाल आत्महत्येची होते आणि ती चालतच नाही. म्हणून दोन डोळ्यांचा गट कधीच मरत नाही. हा वेगळा नियम नाहीये बरं का, श्वासाच्या नियमातूनच आपोआप निघतो.

कोपऱ्यात सहा खड्यात दोन डोळे होतात. मांडा, काळे १-२, २-२, २-१, ३-२, ४-२, ४-१. डोळे १-१ आणि ३-१ वर. भोवती वाट्टेल तेवढे पांढरे लावा, काही होत नाही.

आता त्यातला ४-२ चा काळा काढा आणि तिथे पांढरा ठेवा. दिसायला अजूनही दोन डोळेच दिसतात. पण ४-१ चा काळा खडा आता बाकीच्यांना जोडलेला नाही, पांढऱ्याने ५-१ वर ठेवलं की तो अतारीत येतो, त्याचा एकच श्वास उरतो, ३-१. वाचवायला काळ्याला स्वतःच ३-१ भरावा लागतो, म्हणजे डोळा गेला. हा खोटा डोळा. सुरुवातीला माझे जितके गट मेले त्यातले निम्मे तरी खोट्या डोळ्यावर विसंबून मेले असतील, शेवटपर्यंत मी निवांत होतो आणि मग एकदम सगळे खडे उचलले जायचे, फार वाईट वाटायचं.

आतली जागा किती आणि कशी आहे यावर जीव ठरतो. गट पूर्ण वेढलेला असताना आत सरळ रेघेत तीन रिकाम्या जागा असतील तर मधली ज्याने आधी घेतली त्याचं काम झालं, तुम्ही घेतली तर दोन डोळे, त्याने घेतली तर मेलात. सरळ चार असतील तर काळजी नको, त्याने एका मधल्या जागेवर ठेवलं की तुम्ही दुसरी मधली घ्यायची. पण चार जागा चौकोनात असतील तर मात्र गट मेलेलाच आहे, तुमची चाल आधी असली तरी. हे तीन आकार मांडून स्वतःशी दोन्ही बाजूंनी खेळा, एका संध्याकाळचं काम आहे.

कधीतरी दोन शत्रू गट असे अडकतात की जो आधी हात लावेल तो मरेल. मग दोघेही हात लावत नाहीत, दोन्ही गट तसेच जगतात. याला सेकी म्हणतात.

मुलूख कुठे घ्यायचा

आधी कोपरे, मग कडा, मग मध्य. कारण साधं आहे, मोजून बघा. ३ बाय ३ म्हणजे नऊ जागा वेढायच्या असतील तर कोपऱ्यात सहा खडे लागतात, कारण दोन भिंती पटाने फुकट दिल्या. कडेला नऊ लागतात. मध्यावर बारा. त्याच नऊ जागांसाठी दुप्पट मजुरी कशाला करायची?

मोठ्या पटावर कोपऱ्यातली पहिली चाल बहुतेक वेळा ४-४ किंवा ३-४ वर असते. कडेपासून तिसऱ्या रेघेवरून मुलूख पक्का होतो, चौथ्या रेघेवरून मध्यावर वचक बसतो, दुसऱ्या रेघेवर सुरुवातीलाच सरपटत गेलात तर पदरात फार थोडं पडतं. ही समजूत पिढ्यानपिढ्या चालत आलेली. म्हणून तर मार्च २०१६ मध्ये सोलमधल्या सामन्यात अल्फागो या प्रोग्रॅमने कोरियाच्या अव्वल खेळाडू ली सेडोलविरुद्ध दुसऱ्या डावातली ३७ वी चाल पाचव्या रेघेवर खेळली तेव्हा बघणारे व्यावसायिक खेळाडू चक्रावले, काहींना ती चूकच वाटली. प्रोग्रॅमने सामना ४-१ असा जिंकला. पण चौथ्या डावात ली सेडोलने ७८ वी चाल अशी काही मध्यात घुसवली की प्रोग्रॅम कोलमडला, आणि तो एक डाव माणसाचा झाला. मला आजही तो डाव मांडून बघायला आवडतं. तुम्ही मात्र सध्या तिसरी-चौथी रेघच धरा.

नऊच्या पटावर एवढी ऐसपैस जागा नसते. पहिला खडा सरळ मध्यावर ५-५ वर ठेवा, तिथून कुठल्याही बाजूची भांडणं जवळ पडतात.

जोडणं, तोडणं, आणि चाल कुणाच्या हातात

तिरके ठेवलेले दोन खडे जोडलेले नसतात, पण त्यांच्यामध्ये दोन जोडजागा असतात. त्याने एक घेतली की तुम्ही दुसरी घ्यायची. म्हणजे व्यवहारात जोडलेलेच, फक्त लक्ष हवं. धोका कुठे, तर त्यातली एक जागा आधीच शत्रूकडे असेल तर. तेव्हा दुसऱ्या जागेवर त्याने कापलं की दोन वेगळे गट आणि दोघांनाही डोळे करायची मारामार, शिवाय एकाच खड्याने दोन्हीकडे अतारी लागली तर एक बाजू गेलीच.

आता सर्वात उशिरा कळणारी गोष्ट. काही चाली अशा असतात की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि मग परत चाल तुमच्या हातात येते, तुम्ही पाहिजे तिथे खेळायला मोकळे. याला सेंते म्हणतात. उलट काही चालींनंतर पुढाकार समोरच्याकडे जातो, त्याला जपानीत गोते म्हणतात. मराठीत आपण गोते खाणं म्हणतो ना, तसंच लक्षात ठेवा, गोतेत खेळणारा दुसऱ्याच्या मागे मागे गोते खात राहतो. प्रत्येक चालीला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. उत्तर नाही दिलं तर माझं नक्की किती जातं, हे विचारा, एक खडा जात असेल आणि दुसरीकडे दहा जागांचा कोपरा मोकळा असेल तर खुशाल जाऊ द्या.

इथेच नव्या लोकांचा घोळ होतो. मारामारी गोड लागते, खडे उचलताना मजा येते, आणि मग पाठलाग सुरू होतो. हातातला कोपरा सोडून पळत्या खड्याच्या मागे अर्धा पट पालथा घालतात आणि शेवटी मोजल्यावर दिसतं की समोरच्याने तोवर तीन कोपरे शांतपणे बांधून घेतले. मारणं हे साधन आहे, मोजतात मुलूख.

प्रत्येक चालीआधी मी आजही तीनच प्रश्न विचारतो. माझा कुठला गट अतारीत आहे का, त्याचा कुठला गट दोन श्वासांवर आला आहे का, आणि हे दोन्ही नसेल तर पटावर सगळ्यात मोठी मोकळी जागा कुठे आहे. पहिले काही आठवडे हे बोटाने मोजून करा, लाज वाटून घेऊ नका.

डाव कधी संपतो आणि मोजायचा कसा

आता कुठेही खेळून फायदा नाही असं वाटलं की पास म्हणायचं. दोघांनी लागोपाठ पास केलं की डाव संपला. पास करण्याआधी सगळ्या हद्दींवरून एकदा बोट फिरवा, भिंतीत भोक राहिलं असेल तर शत्रू आत येतो.

मोजायच्या दोन पद्धती आहेत. जपानी पद्धतीत वेढलेल्या रिकाम्या जागा अधिक पकडलेले खडे. चिनी पद्धतीत वेढलेल्या जागा अधिक पटावर जिवंत असलेले स्वतःचे खडे. निकाल बहुतेक वेळा सारखाच येतो, फरक पडला तर एखाद्या पॉइंटचा. नव्या माणसाने चिनी पद्धत वापरावी असं माझं ठाम मत आहे, कारण आत अडकलेला शत्रूचा खडा मेलाय की नाही यावर वाद झाला तर सरळ खेळून दाखवता येतं, स्वतःच्या मुलखात खडा ठेवला म्हणून गुण कमी होत नाही. जपानी पद्धतीत तो कमी होतो.

काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला भरपाई मिळते, तिला कोमी म्हणतात. जपान आणि कोरियात साडेसहा, चीनमध्ये साडेसात. अर्धा यासाठी की बरोबरी होऊ नये. समजा नऊच्या पटावर काळ्याचे ४३ भरले, पांढऱ्याचे ३८. साडेसात कोमी धरली तर पांढऱ्याचे साडेपंचेचाळीस, म्हणजे पांढरा अडीचने जिंकला. पहिले दहा-वीस डाव कोमी विसरा, आळीपाळीने काळा घ्या.

सराव

या खेळात जुनी म्हण आहे की पहिले शंभर डाव लवकर हरून टाका. खरंच तसं करा, भराभर खेळा. रोज जमेल तेवढी जगण्या-मरण्याची कोडी सोडवा, त्यांना त्सुमेगो म्हणतात, सोपी घ्या पण खडा न हलवता डोक्यात सोडवा. ऑनलाइन गो सर्व्हरवर नऊच्या पटावर फुकट खेळता येतं. काटागो सारखा प्रोग्रॅम डाव तपासून देतो पण सुरुवातीला त्याच्या आकड्यांत अडकू नका, त्याआधी स्वतः डाव पहिल्यापासून मांडून कुठला गट कुठल्या चालीला मेला ते शोधा.

समोरचा जास्त तयार असेल तर हँडिकॅप घ्या, म्हणजे डाव सुरू होण्याआधीच पटावर तुमचे दोन ते नऊ काळे खडे. यात कमीपणा काही नाही, खेळाची रचनाच तशी आहे. दर्जा नवख्यासाठी ३० क्यूपासून मोजतात आणि जसे सुधाराल तसा आकडा १ क्यूपर्यंत खाली येतो, मग १ दान, २ दान असा वर चढतो. मोठ्या पटावर दोघांच्या दर्जात जितका फरक तितके खडे द्यायचे, की डाव बरोबरीचा होतो, म्हणून शिकणारा आणि मुरलेला दोघेही मनापासून खेळू शकतात.

नऊच्या पटावर दोन डोळे न मोजता दिसायला लागले, शिडी शेवटपर्यंत नजरेने वाचता आली की तेराच्या पटावर जा. तिथे पहिल्यांदा कोपरा आणि कड असा वेगळा विचार करावा लागतो. तेरावर महिनाभर खेळून मग १९ चा पट उघडा, आणि पहिला खडा ठेवण्याआधी दोन मिनिटं नुसता तो रिकामा पट बघा.